केबल कुणाची गेली?

(बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात, सुगी उरकल्यावर देवळाच्या मंडपात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन.)

पंचमंडळी, आयाबायांनो, आणि मागं खांबाला टेकून बसलेली पोरं. पोरांनो, मी खरं तर तुमच्यासाठीच आलोय, तेव्हा जरा पुढं सरका.

तीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टात वकिली केली, जास्त करून फौजदारी. त्यामुळं आसपासच्या बऱ्याच घरांत मी कधी ना कधी चहा प्यालोय, आणि तो चहा काही बारशाचा नव्हता. आज मला सांगितलंय, 'गुन्हेगारी आणि समाज' या विषयावर बोला. एवढा मोठा विषय मला झेपत नाही. मी एका केबलीवर बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीत कुणीतरी कापून नेली. दोनशे फूट, तांब्याची. पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ओढ्याच्या कडेला पाचट घालून ती जाळायची, वरचं रबर जळालं की तांबं भंगारवाल्याकडं. शेतकऱ्याला नवी घ्यायची तर आठ-नऊ हजार, चोराच्या हातात सातशे-आठशे. चोर दोन दिवसांत सापडला. शेजारच्या गावचा, विशीतला. उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली.

गेला हिंडलग्याच्या जेलला. जामीन लगेच मंजूर झाला, जामीनदार मिळेना. आपल्याकडं जामीनदार म्हणजे कोण? ज्याच्या नावावर जमिनीचा उतारा आहे तो. पोराच्या बापाच्या नावावर गुंठा नाही, चुलत्याशी बोलणं नाही, आणि चोराला उतारा देऊन गावात तोंड कोण खराब करून घेणार? अकरा महिने बसला आत. शेवटी मीच सांगितलं, बाबा, कबूल कर, भोगलेले दिवस धरून सोडतील. सोडलं. माझ्या वहीत ती केस मी जिंकलेली आहे.

निकालाच्या दिवशी म्हातारा आला होता. दोन बसा बदलून यायचा बिचारा, चारदा आला, एकदाही साक्ष झाली नाही. त्या वर्षीची त्याची मिरची उभी वाळून गेली होती. कोर्टाच्या पायरीवर त्यानं मला गाठलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, मग माझी केबल?"

मी समोरच्या बाजूचा वकील. तरी मलाच विचारलं, कारण तिथं विचारण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. कायदा कुठला मोडला, कुणी मोडला, शिक्षा किती, इतकं कोर्टात विचारलं गेलं होतं. केबल कुणाची गेली आणि त्याचं आता काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि तो पोरगा? दोन वर्षांनी पुन्हा माझ्याकडं आला, या वेळी मोटारसायकलींच्या चोरीत. कुलूप कसं तोडायचं ते बराकीत शिकला होता. म्हणजे अकरा महिने सरकारनं त्याला जेवू घातलं, म्हाताऱ्याची केबल गेली ती गेलीच, आणि गावाच्या वाट्याला आधीपेक्षा पक्का चोर आला. गाव सुरक्षित झालं म्हणायचं तर कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आता हा एकट्याचा किस्सा समजू नका. 2022 च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यातली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावर अजून गुन्हा शाबीत झालेला नाही असे. चारातले तीन. यातले कितीतरी आत असतात ते जामीनदार मिळत नाही म्हणून. 1978 साली सर्वोच्च न्यायालयात मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आली होती. दहा हजाराचा जामीन मागितला, आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, का तर भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथं खडसावलं, की दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून, किंवा कागद दुसऱ्या भाषेत आहे म्हणून जामीनदार नाकारणं कुठल्या कायद्यात बसतं? हे आपल्याला जास्त लागू आहे. तुमची पोरगी चंदगडात दिलेली, मेहुणा गडहिंग्लजला. अर्धे पाहुणे हद्दीच्या पलीकडं. अडीनडीला जो धावत येणार त्याचा उतारा मराठीत आणि जिल्हा कोल्हापूर. पोरांनो, मोतीराम हे नाव पाठ करून ठेवा.

हिंडलगा म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात, जेल आणि हुतात्मा स्मारक. आपल्या सीमाभागात तुरुंगात जाऊन आलेला माणूस म्हणजे वाईटच, असं कुणी म्हणत नाही. सीमालढ्यात आपले आजे-चुलते आत बसलेत. ते सुटून आले तेव्हा वेशीवर गुलाल उधळला, आयाबायांनी ओवाळलं. आतून आलेल्या माणसाला परत गावात घ्यायचं कसं, ते आपल्याला येतं. केबलवाल्या पोराला घ्यायला मात्र वेशीवर त्याची आई सोडून कुणी नव्हतं. मी चोराला ओवाळा म्हणत नाही. पण तो सुटल्यावर सकाळी कुणाच्या शेतात कामाला जाणार, एवढं तरी कुणी ठरवलं होतं?

हे सगळं स्वप्नातलं बोलणं वाटत असेल तर सांगलीकडं बघा. 1939 साली औंधच्या राजानं आटपाडीजवळ माळावर कैद्यांची वसाहत वसवली, स्वतंत्रपूर. मागं लागणारा माणूस होता मॉरिस फ्रीडमन, जन्मानं पोलंडचा, आणि त्याआधी बंगळूरच्या सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरीत इंजिनिअर. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथं बिनकुंपणाची, बायकापोरांसकट शेती करत राहिली. त्यावर पुढं सिनेमाही निघाला, म्हाताऱ्यांनी पाहिला असेल.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आपण समजतो तेवढा कडक नाही. 1958 पासून परिवीक्षा कायदा आहे. पहिल्यांदाच चुकलेल्याला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायला लावता येते. एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि कोर्टाला तरी त्याला आत पाठवायचं असेल, तर कारण लेखी द्यावं लागतं. माझ्या त्या पोराच्या वेळी मी हा अर्ज केला का? नाही केला. कबुलीचा रस्ता जवळचा होता. ती चूक माझी.

1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदा आलीय. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, तर तुरुंगाऐवजी बिनपगारी लोकोपयोगी काम. पाच हजारांत आज अर्धी केबलसुद्धा येत नाही, हे खरं. पण वस्तू परत कर, हे कायदा म्हणायला लागला, म्हणजे म्हाताऱ्याचा प्रश्न त्यानं उशिरा का होईना ऐकला.

1974 साली कॅनडात, ओंटारिओमधल्या एल्मिरा गावात दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली. प्रोबेशन अधिकाऱ्यानं न्यायाधीशांना सुचवलं, की या दोघांना त्या प्रत्येक दारात नेऊ या. नेलं. दार वाजवायचं, मी तुमची काच फोडली म्हणायचं, किती नुकसान झालं ते ऐकून घ्यायचं, आणि पुढं फेडायचं. तुरुंगात जाणं यापेक्षा सोपं आहे, मी सांगतो तुम्हाला. आत गेल्यावर कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

आता दुसरी केबल. चार वर्षांपूर्वीची, आणि याच भागातली. गाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. तसंच विहिरीवरनं नेलेली, तसाच विशीतला पोरगा. फरक इतकाच, की या वेळी शेतकऱ्याच्या सुनेनं पंचांना विचारलं, "त्याला आत टाकून आमच्या उसाला पाणी मिळणार हाय काय?" फिर्याद झालेली होती, ती लपवली नाही. पोराला जामीन गावातल्या दोघांनी दिला, आपला उतारा लावून. त्यातला एक देवस्की पंच, म्हणजे देवळाचा कारभार बघणारा. मग एका रविवारी सकाळी देवळात बसलो. मी वकील म्हणून गेलो नव्हतो, सतरंजीच्या कोपऱ्यावर गप्प बसायच्या अटीवर गेलो होतो.

पहिला अर्धा तास कुणी बोलेना. मग म्हातारा बोलला. रात्री दोनला थ्री फेज येते, त्या दिवशी मी बॅटरी घेऊन गेलो, स्टार्टर दाबला, आवाज नाही. वाटलं फ्यूज गेला. बॅटरी मारत मारत विहिरीपर्यंत गेलो, आणि कापलेलं टोक हाताला लागलं. तिथंच बसलो गा सकाळपर्यंत. घरात सांगायला धीर होईना. एवढंच बोलला. पोरगा खाली बघत होता, कान लाल झालेले. पोलिसांत त्याचा जबाब कानडीत लिहिला होता, खाली सही मराठीत. काय लिहिलंय ते त्याला नीट कळलंही नव्हतं. इथं त्याला स्वतःच्या बोलीत सांगावं लागलं. मोबाईलवरचा जुगार, त्यात झालेलं कर्ज, तांबं कुठं विकलं, सगळं निघालं. भंगारवाल्यालाही बोलावलं होतं, तो आला नाही. पंचांपैकी दोघंजण उठून त्याच्या दुकानात गेले. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं तीन हजार पाठवले.

ठरलं ते असं. निम्मी रक्कम पोरगा हप्त्यानं देणार, बाकीची फिटेपर्यंत म्हाताऱ्याच्या शेतात राबणार, दिवसाला चालू मजुरी धरून. हिशेबाची वही सुनेकडं, पंचांकडं नाही. ही अट तिनंच घातली, आणि मला वाटतं सगळ्यात शहाणपणाची अट तीच होती. रक्कम फिटल्यावर मालकानं कोर्टात तडजोड दिली आणि केस संपली.

तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल, म्हणजे पुन्हा पंचांचं राज्य आणायचं का? नाही. ते मी पाहिलंय. पंच बसले की सगळ्यात आधी संशय कुणावर येतो? गावाबाहेर पालं टाकलेल्यांवर. 1871 साली इंग्रजांनी अख्ख्या जमातींना कायद्यानं गुन्हेगार ठरवलं, आणि पुढं तारेच्या कुंपणात घातलं. हुबळीला त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. 1952 साली कायदा गेला, गावाच्या डोक्यातली तार अजून निघालेली नाही.

आणि 2023 चा डिसेंबर आठवा. आपल्याच जिल्ह्यात, होसा वंटमुरीत, मुलगा एका मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून खांबाला बांधलं. उच्च न्यायालयानं स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि मारणाऱ्यांबरोबर बघत उभं राहणाऱ्यांनाही धारेवर धरलं. अशा वेळी गावाकडून दंड वसूल करायची, इंग्रज गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या काळातली पद्धत न्यायमूर्तींनी आठवण करून दिली. तिथंही समाजच होता की, समाजानंच शिक्षा ठरवली होती. म्हणून बाईवर हात, पोराबाळांवर हात, जातीवरून छळ, यात पंच बसवायचे नाहीत. 112 ला फोन लावायचा आणि तो येईपर्यंत मध्ये उभं राहायचं. मिटवा, घरातलं आहे, असं म्हणणारा पंच दिसला तर त्याला उठवा.

तिकडं महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली. पाहुण्यांकडं जाता, तुम्ही फलक पाहिले असतील. बांधाचे, वाटणीचे पुष्कळ तंटे मिटले. पण तंटे मिटवल्याबद्दल गावाला बक्षीस आलं की आकडा येतो, आणि आकडा आला की घाई येते. मिटलं असं लिहून घ्यायची घाई मला पोलिसांच्या काठीइतकीच वाईट वाटते. त्याच महाराष्ट्राला वाळीत टाकण्याविरुद्ध 2016 चा कायदाही करावा लागला, हे विसरू नका. म्हणून पंचांत निम्म्या बायका हव्यात, वही बाहेर हवी, आणि ज्याचं गेलं त्याला 'मला कोर्टातच जायचंय' म्हणायची मोकळीक शेवटपर्यंत हवी.

त्या पोराचं काय झालं, ते विचारताय ना? मधे एक हप्ता बुडवला त्यानं, दोन आठवडे शेताकडं फिरकलाही नाही. सुनेनं घरी जाऊन आणला. चौदा महिन्यांनी फिटलं. अजूनही तो त्यांच्याकडंच कामाला आहे, आता मजुरीवर. रात्री दोनला म्हाताऱ्याला उठावं लागत नाही, पोरगाच जाऊन मोटार चालू करतो. स्टार्टरच्या पेटीला कुलूप आहे. संध्याकाळी म्हातारा स्वतः जाऊन ते काढून ठेवतो, सकाळी परत लावतो. किल्ली अजून त्याच्या कडदोऱ्यालाच आहे.