आत्याबाईला मिशा असत्या तर

श्रोतेहो, नमस्कार.

इतिहासाच्या वर्गात दरवर्षी एखादं तरी पोर हात वर करतं आणि विचारतं, "सर, पण असं झालंच नसतं तर?" मी वर्षानुवर्षं याला एकच उत्तर देत आलो. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. चला, पुढचं लिहून घ्या. वर्ग हसायचा, तास पुढे सरकायचा. आज मात्र तो हात मीच वर करणार आहे. कारण ज्या घराण्यांची गोष्ट सांगायची आहे, तिथे आत्याबाईला मिशा नाहीत हाच राज्याचा मुख्य प्रश्न होऊन बसला होता.

साल १४९८. उन्हाळा. स्पेनमधल्या सारागोसा शहरात अ‍ॅरागॉन राज्याची सभा भरली आहे. राजा फर्डिनांडला आपल्या थोरल्या मुलीला, इसाबेलला, वारस म्हणून मान्यता हवी आहे. सभासद ऐकायला तयार नाहीत. बाईला गादी मिळते का, यावर वाद चालू आहे. इसाबेल तिथेच आहे आणि तिचे दिवस भरत आलेत. सभेचं म्हणणं असं, की घाई कशाला, काय होतंय ते बघू. मुलगा झाला तर प्रश्नच मिटला.

ऑगस्टमध्ये मुलगा झाला. बाळंतीण त्याच दिवशी गेली. मुलाचं नाव ठेवलं मिगेल.

आता हे बाळ कोण होतं ते बघा. आईचे वडील फर्डिनांड, अ‍ॅरागॉनचे राजे. आईची आई इसाबेल, कॅस्टिलची राणी, स्वतःच्या हक्काने राणी. बाप मान्युएल, पोर्तुगालचा राजा. बाळाच्या जन्माआधी तीन महिने वास्को द गामा कालिकतला पोचला होता. आजीआजोबांच्या पैशावर कोलंबस समुद्र ओलांडून आला, त्याला सहा वर्षं झाली होती. म्हणजे पाळण्यातलं हे पोर एका बाजूने अमेरिकेचं आणि दुसऱ्या बाजूने हिंदुस्थानच्या समुद्राचं वारस. वर्षभरात अ‍ॅरागॉन, कॅस्टिल आणि पोर्तुगाल या तिन्ही राज्यांच्या सभांनी त्याच्या नावाने शपथ घेतली. बाप आपल्या राज्यात परतला, पोर आजोळीच राहिलं. आणि जुलै १५०० मध्ये, दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, ग्रानाडात वारलं.

ग्रानाडाच्या राजेशाही चॅपेलच्या तळघरात आजही शिशाच्या पाच शवपेट्या आहेत. फर्डिनांड, इसाबेल, त्यांची दुसरी मुलगी हुआना, तिचा नवरा फिलिप, आणि एक लहान पेटी. ती मिगेलची.

तर मिगेल जगला असता तर?

या आजीआजोबांनी मुलांची लग्नं कशी लावली होती ते आधी ऐका. मुलगा एक, मुली चार, आणि फ्रान्सला चारी बाजूंनी सोयऱ्यांनी घेरायचं हा हिशेब. त्यासाठी त्यांनी जे केलं त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: साटंलोटं. मुलगी हुआना दिली ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यातल्या फिलिपला, आणि फिलिपचीच बहीण मार्गारेट सून करून आणली. १४९६ मध्ये जो आरमारी ताफा मुलीला सोडायला फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या मुलखात, गेला, तोच पुढच्या वर्षी सुनेला घेऊन परत आला. जहाजाची फेरी रिकामी जाऊ नये इतका चोख व्यवहार! आणि लग्नानंतर सहा महिन्यांत मुलगा गेला. सून गरोदर होती. तिला मूल झालं ते मृत.

थोरली इसाबेल त्याआधीच एकदा विधवा झाली होती. तिचा पहिला नवरा आफोंसो हाही पोर्तुगालचा राजपुत्र. १४९१ मध्ये सांतारेमजवळ नदीकाठी घोड्यावरून पडून सोळाव्या वर्षी गेला. हिने केस कापले, काळे कपडे घातले, पुन्हा लग्न नको म्हणून हटून बसली. गंमत बघा, आपल्याकडे विधवेचे केस घरचे कापायचे आणि पुनर्विवाहाला आडवे यायचे. इथे मुलीने स्वतः कापले आणि आईबाप नव्या लग्नासाठी मागे लागले. अखेर ती तयार झाली, पण नवऱ्याकडून एक अट वदवून घेतली गेली: पोर्तुगालमधून ज्यूंना घालवायचं. मान्युएलने हुकूम काढला आणि मग घालवण्याऐवजी हजारोंना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. १४९७ मध्ये हे लग्न सरहद्दीवरच्या वालेन्सिया दे आल्कांतारा या गावात लागलं. हे गाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो हात वर करतो. मिगेल जगला असता तर १५०४ मध्ये आजी गेल्यावर कॅस्टिलची गादी त्याची झाली असती, वय वर्षं सहा. १५१६ मध्ये आजोबांची, १५२१ मध्ये बापाची. मग हुआनाच्या मुलाला, म्हणजे ज्याला आपण सम्राट पाचवा चार्ल्स म्हणून शिकतो त्याला, स्पेन मिळत नाही. तो फ्लँडर्स आणि ऑस्ट्रिया सांभाळत बसतो. हुआनाचंही वेगळं होतं. गादी तिच्या नावावर होती, म्हणून आधी बापाने आणि मग पोटच्या मुलाने तिला वेडी ठरवून तोर्देसियासमध्ये छेचाळीस वर्षं कोंडून ठेवलं. गादी नसती तर तिच्या डोक्याची इतकी काळजी कुणी केली नसती, असं माझं मत.

पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनचं काय? तो मान्युएलवर रुसून १५१७ मध्ये स्पेनला गेला आणि तिथून त्याला जहाजं मिळाली. आपल्या कल्पनेत तेव्हा स्पेनच्या गादीवर मान्युएलचाच मुलगा आहे. बापाने झिडकारलेल्याला मुलगा जहाजं देतो का? अवघड आहे, पण बापलेकांचं काही सांगता येत नाही.

इथवर ठीक. यापुढे मी फार लांब उडी मारणार नाही. मिगेलमुळे तिन्ही राज्यं एकजीव झाली असती असंही मला वाटत नाही. १४९९ मध्येच मान्युएलने पोर्तुगीजांना लिहून दिलं होतं, की राजा एक झाला तरी इथला कारभार इथल्याच माणसांच्या हाती राहील. गोव्यात पोर्तुगीज अधिकारीच आले असते. फरक पडला असता तो दुसऱ्या ठिकाणी, आणि तो कळायला प्रत्यक्षात काय झालं ते बघावं लागतं.

मिगेल गेला त्याच वर्षी मान्युएलने मेलेल्या बायकोच्या बहिणीशी, मारियाशी लग्न केलं. आणि साटंलोटं थांबलं नाही. मान्युएलच्या मुलाने चार्ल्सची बहीण केली, चार्ल्सने मान्युएलची मुलगी केली. पुढच्या पिढीत या दोन जोडप्यांच्या मुलामुलीचं लग्न लागलं. आपल्याकडे कित्येक घरांत मामाची मुलगी करतात. इथे नवरदेवाची बायको मामाचीही मुलगी आणि आत्याचीही. त्यांचा मुलगा सेबास्टियन. तुम्हाआम्हाला पणजोबा चार आणि पणज्या चार. त्याला पणजोबा दोन, पणज्या दोन, आणि त्या पणज्याही सख्ख्या बहिणी.

हा सेबास्टियन बाप मेल्यावर जन्मला, लग्न न करता वाढला आणि १५७८ मध्ये चोविसाव्या वर्षी मोरोक्कोच्या रणात मारला गेला. गादीवर आले त्याचे चुलत आजोबा हेन्री. ते कार्डिनल, म्हणजे लग्न वर्ज्य असलेले बडे धर्मगुरू, आणि साठी उलटलेले. त्यांनी पोपकडे लग्नाची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मराठी श्रोता इथे लगेच म्हणेल, अहो, मग दत्तक घ्यायचा! सातारा, कोल्हापूर, नागपूर, आपल्या गाद्या दत्तकांवर चालल्या. पण ख्रिस्ती राजघराण्यांत सहसा दत्तकाला गादी मिळत नसे. रक्तच लागायचं, तेही लग्नाच्या बायकोचं.

१५८० मध्ये हेन्री गेले आणि दावेदार उभे राहिले. एक होती ब्रगांझाची डचेस कातारिना: मान्युएलच्या मुलाची मुलगी. दुसरा स्पेनचा राजा दुसरा फिलिप: मान्युएलच्या मुलीचा मुलगा. ती मुलाकडून आलेली बाई, हा मुलीकडून आलेला पुरुष. पुन्हा आत्याबाईच्या मिशा! फिलिपकडे मिशा होत्या आणि सैन्यही. गोवा, चौल, वसई, मुंबई एका दमात स्पेनच्या राजाच्या छत्राखाली गेली. जे मिगेलला पाळण्यात मिळालं होतं ते ऐंशी वर्षांनी फिलिपला मिळालं.

फक्त मधल्या काळात हिशेब बदलला होता. फिलिपकडे हॅब्सबर्गांच्या वाट्याचं फ्लँडर्सही होतं, आणि तिथले डच त्याच्याविरुद्ध उठले होते. त्याने त्यांच्या जहाजांवर लिस्बनमध्ये बंदी आणली. मिरी लिस्बनला मिळेना, म्हणून डच मिरीच्या मुळाशीच निघाले. पुढे मलाक्का गेलं, कोलंबो गेलं, कोची गेलं. मिगेलच्या राज्यात फ्लँडर्स नसतं. डचांचं भांडण झालंच असतं तर ते चार्ल्सच्या पोरांशी. लिस्बनच्या धक्क्यावर ते मिरी विकत घेत राहिले असते. मिगेलच्या पेटीतून मला निघताना दिसतो तो हा धागा.

१६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटलं. गादीवर बसला त्या कातारिनाचा नातू. डचांशी आणि स्पेनशी एकाच वेळी झुंजायला त्याच्या घराण्याला इंग्रजांचा आधार हवा होता. म्हणून १६६२ मध्ये त्याच्या मुलीचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं. तिचंही नाव कातारिना, पणजीचं. हुंड्यात रोकड, टँजियर आणि मुंबई बेट.

हे बेट एकेकाळी खंडाने घेतलेला माणूस होता गार्सिया द ओर्ता, वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या घरचे ज्यू, स्पेनमधून हाकललेले, पोर्तुगालमध्ये बाप्तिस्मा घ्यावा लागलेले. मूळ गाव वालेन्सिया दे आल्कांतारा. जिथे मिगेलच्या आईबापाचं लग्न लागलं तेच. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.

हुंडा मात्र लगेच हाती पडला नाही. गोव्याच्या व्हाइसरॉयने बेट द्यायला नकार दिला. इंग्रजांचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत राहिले आणि त्यांच्या सेनापतीसह बहुतेक तिथेच तापाने मेले. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक नावाचा उरलेला अधिकारी मुंबईत उतरला. गार्सियाचा म्हणून सांगितला जाणारा वाडा तेव्हा एका विधवेच्या ताब्यात होता, दोना इग्नेस द मिरांडा. त्या वाड्यात कागद झाले. मग कुक बाहेर आला, वाकला, हातात माती आणि दगड घेतले आणि बुरजावरून चालून आला. मालकी घेण्याची ती रीत होती.

नमस्कार.