सागाची पानगळ, केळीची बाग

राम राम, श्रोतेहो.

रावेर-यावलच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. एका उंचीची, एका वयाची झाडं. देखणं दिसतं, मला मात्र हल्ली धास्ती वाटते. जात बसराई म्हणा, श्रीमंती म्हणा, ग्रँड नैन म्हणा, सगळी कॅव्हेंडिश कुळातली. बियांची भानगड नाही. बुंध्याशी फुटणारे मुनवे लावा की टिश्यूकल्चरचं रोप, झाड आईची हुबेहूब नक्कल. एकाला जो रोग चढला, त्याला शेजारी अडवणार कशानं?

मध्य अमेरिकेत हे घडून गेलंय. तिथून जगभर ग्रो मिशेल नावाची केळी जायची. मातीतल्या बुरशीनं पनामा रोग आणला आणि १९६० च्या सुमारास तिचा व्यापार आटोपला. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, कारण ती त्या बुरशीला दाद देत नव्हती. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो. जात बदलली, खोड काही गेली नाही!

जरा मान वर करून सातपुड्याकडे बघा. साग, अंजन, सालई, मोह, सगळे दाटीवाटीनं उभे. किडीनं सागाच्या पानांची चाळणी केली तरी मोहाला त्याचं सोयरसुतक नाही. आणि साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतो. पानातून पाणी उडून जातं, ती वाट तो घसा कोरडा पडायच्या आत बंद करतो. आपण टँकर दारात आल्यावर जागे होतो.

ही अक्कल आपल्या जुन्या माणसांनाही होती. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पांझरा नदीच्या काठी पाणी वाटून घ्यायची फड पद्धत चालत आली. शिवाराचे फड, म्हणजे मोठे वाटे, पाडायचे, फडाफडात पीक वेगळं, आणि शेतकऱ्याचे तुकडे निरनिराळ्या फडांत. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड सर्वांनी मिळून कोरडा ठेवायचा, सागानं पानं टाकावीत तसा. उरलेल्या फडांना पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सांभाळणारा माणूस, पाणी फिरवणार. थोडी झळ तुम्हाला, थोडी मला. पाटाच्या शेवटी बसलेला एकटाच मरत नाही.

मागे एका वादळात आमची बाग सगळीच्या सगळी आडवी झाली. एकदम लावलेली, एकदम घडांनी वाकलेली. यंदा अर्धी मृगबाग, म्हणजे पावसाच्या तोंडावर लावायची केळी, आणि अर्धी कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावायची केळी, असं करतोय; वारा अडवायला बांधाला शेवरीची झाडं दाट लावलीयत. व्यापारी कुरकुरतो, भाऊ, गाडी एका खेपेत भरायची नाही. त्याचं खरंच आहे. गाडी दोनदा आणावी लागेल.