डाव्या पानावर दिसलेलं

[दृश्य : सकाळची खाडी. होडीतून उतरणारी मुलं, गडग्यालगतची पायवाट, शाळेचं कौलारू छप्पर.]

मालवण तालुक्यातली, खाडीकाठची ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पलीकडच्या वाडीतली मुलं होडीने येतात.

परिपाठ झाला. आता भिंतीलगतच्या खुर्चीकडे बघा. गुरुजी तिथे बसलेत, पण शिकवत नाहीत. चारही इयत्ता आज मॅडमसमोर आहेत आणि गुरुजींच्या मांडीवर वही आहे. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने नुसतं बघायचं. पुढच्या आठवड्यात अदलाबदल.

[दृश्य : वहीचं पान, अगदी जवळून.]

डाव्या पानावर फक्त दिसलं ते. वाटलं ते उजव्या पानावर, आणि तेही शाळा सुटल्यावर.

‘11.05. उठला. तिसरीच्या ओळीमागे जाऊन उभा. 11.09. मॅडम पहिलीकडे वळल्या. जागेवर आला. 11.14. तिसरीला नकाशा दाखवला. परत उठला. नकाशावर बोट ठेवलं.’

हा पहिलीतला मुलगा. त्याच्याविषयीची जुनी नोंद होती, ‘चंचल आहे, एका जागी बसत नाही.’ डाव्या पानावर ‘चंचल’ लिहिताच येत नाही, कारण चंचलपणा डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते एवढंच की तिसरीचं शिकवणं सुरू झालं की हा उठतो आणि ते थांबलं की परत येतो. त्याला ऐकायचं आहे. बसायला सांगितलं जातं ते नेमकं त्याच वेळी.

[दृश्य : बोर्डीचा किनारा, सुरूची झाडं. मग कोसबादची टेकडी.]

मुलाकडे असं थांबून बघणं कोकणच्या किनाऱ्याला नवं नाही. या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत, 1945 साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. भावनगरला, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत, त्यांनी काम केलं होतं, माँटेसरी पद्धत आत्मसात केली होती. शिक्षकाने आधी मुलाचं निरीक्षण करावं आणि मग हात पुढे करावा, हा त्या पद्धतीचा पायाच. पण माँटेसरीची साधनं महाग, आणि इथली मुलं गरिबांची. म्हणून किनाऱ्यावरचे शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. अनुताई वाघ याच काळात त्यांच्यासोबत आल्या.

बालवाडी उघडली, तरी वस्तीवरची मुलं तिथवर येईनात. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. मुलं दिवसभर असतात कुठे, धाकटी भावंडं कोण सांभाळतं, हे त्यांनी पाहिलं आणि बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. 1957 साली काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, तर शाळाही गुरांमागे कुरणात गेली. त्या कुरणशाळा. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजना देशात आली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तिच्या मुळाशी हा असा बघण्याचा धीर आहे, आणि म्हणूनच टेकडीवरची ही दृश्यं आम्ही जरा जास्त वेळ ठेवली आहेत.

[दृश्य : परत शाळा. वहीवर खुणा करणारा हात, शेजारी घड्याळ.]

आता गुरुजी मुलांकडे बघत नाहीत. ते मॅडमना ऐकताहेत. नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाने वर्गातल्या बोलण्याचे 10 प्रकार पाडले. 7 शिक्षकाच्या बोलण्याचे, 2 विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि शेवटचा शांततेचा किंवा गोंधळाचा. दर 3 सेकंदांनी त्या क्षणी जे चाललं असेल त्याचा आकडा टिपायचा. गुरुजींनी ते सोपं केलंय. मॅडम बोलल्या की उभी रेघ, मूल बोललं की गोल, कुणीच नाही तर टिंब.

पान भरलं. रेघाच रेघा. गोल शोधावे लागतात.

मॅडम पान हातात घेतात. बघा, काही बोलत नाहीत.

[दृश्य : फळ्यावर ‘भरती’ आणि ‘ओहोटी’. मॅडमचा चेहरा.]

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ती वेळ 3 सेकंदांपर्यंत नेली की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. पुढच्या तासाला मॅडम तेच करून बघताहेत. ‘भरती आली की आपल्या गावात काय काय बदलतं?’ असं विचारून त्या थांबल्या आहेत. मागच्या ओळीतली, लाल रिबिनीची मुलगी बघा.

[चित्रणातला मूळ आवाज : ‘भरती इली काय आमच्या बांयचां पाणी खारट लागता.’]

तिच्या घरची विहीर खाडीलगत आहे. पाठ्यपुस्तकात नसलेली भूगोलाची गोष्ट तिला ठाऊक होती आणि ती मालवणीत आली. मॅडमनी वाक्य सुधारलं नाही, तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं.

[दृश्य : मधली सुट्टी. फणसाखाली टायरचा झोका, दोन मुलं ओढाओढी करताहेत.]

इथे मोठ्या माणसाचा पाय आपोआप पुढे पडतो. हेलन डॉव या संशोधिकेने 1934 साली लहान मुलांची 200 भांडणं टिपली होती, तेव्हा सरासरी भांडण अर्ध्या मिनिटाच्या आत संपत होतं. दोघेही शिक्षक आता वेगवेगळे उभे राहून हेच भांडण लिहिताहेत. नंतर वह्या शेजारी ठेवल्या, तेव्हा गुरुजींच्या वहीत होतं, ‘मोठ्याने झोका हिसकावला.’ मॅडमच्या वहीत, ‘धाकट्याने आधी दोरी धरली, मोठा उतरला नाही.’ दोघांनी आमच्या चित्रणात ते पुन्हा पाहिलं आणि ‘हिसकावला’ खोडलं.

आमचं असणंही वर्गाला बदलतं. सुरुवातीला मुलं कॅमेऱ्याकडेच बघत होती. ते चित्रण इथे नाही. कॅमेरा स्टँडवर ठेवून आम्ही बाहेर पडवीत जाऊन बसायला लागलो, तेव्हा कुठे वर्ग वर्गासारखा चालू लागला.

[दृश्य : कपाटातल्या नोंदवह्यांचा गठ्ठा.]

2010 पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत पहिलं नाव आहे ‘दैनंदिन निरीक्षण’. म्हणजे बघणं हे आधीपासूनच शिक्षकाचं काम आहे. पण मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, सभा, अहवाल यांत त्याला वेळ उरत नाही, आणि मग बाजारातली तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तिका उघडली जाते. ‘वर्गात लक्ष देतो.’ ‘सहकार्य करतो.’ कुठल्याही शाळेत, कुठल्याही मुलापुढे बसेल असं वाक्य. शिक्षकांना दोष देऊन हे सुटणार नाही. आठवड्यातली वीस मिनिटं त्यांची त्यांना परत द्यायला हवीत.

पहिलीतला तो मुलगा आता नकाशाच्या वेळी तिसरीच्या ओळीत बसतो. रेघांमध्ये गोल वाढले आहेत. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत मॅडमनी वही दाखवली आणि खाडीपलीकडच्या शाळेतल्या शिक्षकांनी डाव्या-उजव्या पानाची आखणी मोबाईलमध्ये टिपून नेली. बदली झाली तरी वही शाळेतच ठेवायची, असं दोघांनी ठरवलंय.