अझिथ्रोमायसिन सहा महिने? कफाचं खरं गणित

नमस्कार मंडळी! दांडिया बाजारातल्या माझ्या मेडिकलमधूनच बोलतेय, शटर अर्धं खाली ओढलंय. उत्तरायण उलटलं की तोच प्रश्न येतो: 'ताई, बाबांना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सहा महिने लिहून दिलंय, डॉक्टरांचं काही चुकलं का?'

नाही चुकलं. श्वासनळीचं अस्तर कफ बनवतं, सीओपीडीत (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आणि ब्राँकिएक्टेसिसमध्ये (श्वासनळ्या कायमच्या फुगून सैल पडण्याचा आजार) जरा जास्तच बनवतं. एवढं तुम्हाला माहीत आहे, पुढे चला.

इथे ही गोळी मुख्यतः जंतू मारायला दिलेली नसते. सुजेमुळे पेशींना 'म्युसिन बनव, अजून बनव' असे निरोप जात राहतात, ते ती मंदावते. म्युसिन म्हणजे कफाला चिकटपणा देणारं प्रथिन.

पटत नाही? १९८० च्या दशकात जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिसच्या (बारीक श्वासनळ्यांना कायमची सूज येण्याचा आजार) रुग्णांना एरिथ्रोमायसिन, म्हणजे अझिथ्रोमायसिनचंच भावंड, रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम, असं महिनोन्‌महिने दिलं. कित्येकांच्या छातीत स्यूडोमोनास नावाचा जंतू होता, जो या औषधाला भीक घालत नाही. तरी कफ घटला, माणसं जगली.

अजूनही नाही? मग अमॉक्सिसिलिन हे दुसरं अँटिबायोटिक बघा. जंतू मारतं, पण म्युसिनच्या वाटेला जात नाही. 'अँटिबायोटिक ते अँटिबायोटिक' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा ऐका.

कमेंटमध्ये एकाने लिहिलंय, 'बेन, हळद-दूध प्या, सगळं बरं होतं.' प्या की! मी कुठे अडवलंय?

माझा राग वेगळ्यावरच आहे. आमच्या आत्याच्या डब्यात लिमलेटच्या गोळ्यांशेजारी अझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी. कफ दाटला की एक! अशाने म्युसिन कमी होत नाही, जंतू मात्र शिकून तयार होतात. कफ घटण्याचा परिणाम नेमाने, आठवडेच्या आठवडे घेतल्यावर दिसतो.

आणि फुकट काही नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या सीओपीडीच्या अभ्यासात रोज २५० मिलिग्रॅम वर्षभर दिल्यावर आजार उसळणं कमी झालं, पण काहींचं ऐकणंही कमी झालं. म्हणून आधी हृदयासाठी ईसीजी, कानाची तपासणी आणि थुंकीची तपासणी. छातीत टीबीच्या जातकुळीतला जंतू लपला असेल, तर ही एकटी गोळी त्याला पक्का निर्ढावते.

नमुना देताना चूळ भरा, खोल खोका, कफ डबीत टाका. आत्याने नुसती लाळ दिली होती. लॅबने डबी परत पाठवली, आणि आत्या आठवडाभर लॅबवरच रागावून होती.