मिरजेच्या नाताळातील गुळाची बिस्किटे

दाराबाहेर कागदी चांदणी टांगली गेली, की मिरजेतील या घरात फडताळातून मोठी किसणी खाली उतरते. करंज्या आणि शंकरपाळे एव्हाना डब्यांत भरून झालेले असतात. आजचा दिवस सुंठ आणि दालचिनी घातलेल्या बिस्किटांचा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाच्या या गावात नाताळाचा फराळ दिवाळीच्या फराळाचा सख्खा भाऊ शोभतो. त्या फराळात हे एकच पाहुणे आहे, आणि तेही आता पाहुणे राहिलेले नाही.

या बिस्किटाचे माहेर युरोपात. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहर मध आणि मसाले घातलेल्या लेबकुखन या बिस्किटांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे, तर नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरला, संत निकोलस यांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, कोरीव लाकडी साच्यांतून काढलेली स्पेकुलास नावाची मसालेदार बिस्किटे खाल्ली जातात. दालचिनी, लवंग आणि सुंठ तेथे समुद्रमार्गे येत आणि फार महाग पडत, म्हणून ती सणासाठी राखून ठेवली जात. येथे मात्र आजी तीच सुंठ मसाल्याच्या डब्यातून चमच्याने काढतात, आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नाही.

तिकडच्या जिंजरब्रेडला, म्हणजे सुंठ घातलेल्या अशाच गोड पदार्थाला, काळसर रंग देते ती मळी, म्हणजे साखर काढून उरलेला दाट पाक. ज्या जिल्ह्यात उसाचे फड आणि सांगलीची गूळपेठ आहे, तेथे त्या जागी गूळ येणे स्वाभाविकच होते. दीडशे ग्रॅम गूळ किसून, तीन चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवून, आजी तो गाळून घेतात, कारण गुळात कधी उसाची चिपाडे असतात, तर कधी वाळूचे कण. त्यात सव्वाशे ग्रॅम लोणी वितळवले जाते. मळीइतका आंबटपणा गुळात नसतो आणि सोड्याला फुलण्यासाठी आंबट लागतेच, म्हणून मिश्रण कोमट झाल्यावर चमचाभर दही पडते. अडीचशे ग्रॅम मैदा, दोन चमचे सुंठ, एक चमचा दालचिनी, चिमूटभर लवंगपूड आणि अर्धा चमचा सोडा चाळून त्यात मिसळला जातो. कणीक मात्र मळायची नाही, नुसती गोळा करायची. पोळी लाटण्यात आयुष्य गेलेल्या हाताला हे आवरणे किती कठीण, ते पाहण्यासारखे असते.

गोळा तासभर शीतकपाटात ठेवला जातो. लोणी घट्ट झाले, की लाटताना पीठ चिकटत नाही आणि साच्याने कापलेल्या चांदणीची टोके भट्टीत पसरत नाहीत. नातीला हा तास निष्कारण वाटतो. गेल्या वर्षी तिने तो टाळला आणि ताटात चांदण्यांऐवजी फुगलेली गोल बिस्किटे आली. घरच्यांनी ती आनंदाने संपवली, हा भाग वेगळा.

पूर्वी घरात भट्टी नव्हती. नानकटाईचे पीठ जसे पत्र्याच्या ताटांत मांडून बेकरीत न्यायचे, तशीच ही बिस्किटेही जात, आणि आपले ताट ओळखता यावे म्हणून कडेला दोरा बांधलेला असे. आता ओट्यावरच्या ओव्हनमध्ये एकशे सत्तर अंशांवर दहा ते बारा मिनिटे पुरतात. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, त्यामुळे कडा गडद होताच ताट बाहेर काढायचे, मधला भाग बोटाला मऊ लागत असला तरीही; निवताना तो आपोआप कडक होतो. वरून रंगीत साखरेची नक्षी काढण्याचा नातीचा आग्रह आहे. या निवेदकाच्या मते त्या नक्षीखाली सुंठेचा झणका हरवतो, पण बालहट्टापुढे कोणाचे चालते?

संध्याकाळी पहिले ताट शेजारच्या घरी जाते. ते ताट त्याच घरचे आहे. दिवाळीत चिवडा आणि अनारसे घेऊन आले होते, आणि रिकामे परत करायचे नाही म्हणून आजींनी ते इतके दिवस फडताळात जपून ठेवले होते.