पुण्यात घर घेताय? आधी पाण्याचा नकाशा बघा

[दृश्य: खराडीच्या बाजूची सकाळ. क्रेन, अर्धे चढलेले मजले, हिरव्या जाळ्या.]

पुण्यात फ्लॅटच्या जाहिरातीत टेकडी असते, नदी असते, मेट्रोचं स्टेशन हाकेच्या अंतरावर असतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये तर फळांची परडीसुद्धा मांडून ठेवलेली असते. त्या गुळगुळीत कागदावर सहसा न छापलेली एक बाब म्हणजे, स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी कुणाचं येणार? कॉर्पोरेशनचं, बोअरचं, की टँकरचं?

एरिया निवडताना लोक ऑफिस किती लांब, शाळा कुठली, शेजार कसा, हे विचारतात. विचारायलाच हवं. पण पुण्यापुरतं आमचं म्हणणं असं आहे, की आधी पाणी बघा. ते कुठे येत नाही आणि कुठे नको तेव्हा घरात शिरतं, एवढं कळलं की यादीतले निम्मे एरिया आपोआप गळतात.

शिरणाऱ्या पाण्यापासून सुरुवात करू.

[दृश्य: लकडी पूल. खाली मुठेचं पात्र, कडेला नदीपात्रातला रस्ता.]

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नारायण पेठ, शनिवार पेठ, पलीकडे डेक्कन जिमखान्याचा काठ. जुन्या पुणेकरांच्या घरात आजही एखादी तारीख आठवताना ‘पुराच्या आधी की नंतर?’ असं विचारलं जातं. ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. मुठेपासून लांब, टेकड्यांच्या पायथ्याला. नदीचा मार खाल्लेल्या माणसांना त्या जागा सुरक्षित वाटल्या असतील तर नवल नाही.

पण सहकारनगरच्या कडेने आंबिल ओढा जातो. उगम कात्रजच्या डोंगरात. नानासाहेब पेशव्यांनी याच ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं होतं. सारसबागेतल्या गणपतीला आपण ‘तळ्यातला गणपती’ म्हणतो, ते तळं हेच. कात्रजचा तलावही त्यांच्याच काळातला, आणि तिथून दगडी नळाने शहरात पाणी खेळवलेलं होतं. म्हणजे हा ओढा कुठून येतो, पावसात किती पाणी आणतो, हे पुण्याला अडीचशे वर्षांपूर्वी नीट ठाऊक होतं. मधल्या काळात वस्ती वाढली, पात्राला दोन्हीकडून भिंती आल्या, पात्र आवळत गेलं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडे तुफान पाऊस कोसळला. आंबिल ओढा अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत घुसला, सोसायट्यांच्या सीमाभिंती पाडून पार्किंगमधल्या गाड्या घेऊन गेला. शहरात आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. पानशेतच्या पूरग्रस्तांना जिथे नेऊन वसवलं, त्याच भागाच्या शेजारी ५८ वर्षांनी पाणी दुसऱ्या वाटेने आलं.

म्हणून ‘नदी इथून लांब आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. ओढा शोधा. तो दिसेलच असं नाही. बाणेर, कोथरूड, वडगाव, धायरी, कोंढवा, टेकड्यांवरून उतरणारे ओढे शहरभर आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी ते एखाद्या कंपाउंडमागून किंवा रस्त्याखालच्या मोरीतून गुपचूप निघून जातात.

[दृश्य: एका जुन्या सोसायटीचं पार्किंग. भिंतीवर आडवी मातकट रेघ.]

साइटवर गेलात की उतार बघा. रस्ता ज्या दिशेने उतरतो तिकडे शेवटच्या इमारतीपर्यंत चालत जा. तिच्या मागच्या भिंतीवरून डोकवा. जुनी सोसायटी असेल तर पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का ते बघा. रंग नवा असेल तर विजेच्या मीटरची पेटी बघा. मीटर सगळे डोक्याच्या वर नेऊन बसवले असतील, तर ते का, हे वॉचमनला विचारा. वॉचमन एजंटपेक्षा खरं बोलतो, कारण त्याला कमिशन नसतं.

नदीकाठी हवेशीर फ्लॅट घ्यायचाच असेल, तर दोन रेषा माहीत असल्या पाहिजेत. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा जिथवर पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, निळ्या आणि लालच्या मध्ये अटी घालून करायचं, असा नियम. या रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि विकास आराखड्याच्या नकाशावर त्या असतात. मागा तो नकाशा. ‘मागे कधी पाणी आलं नव्हतं’ हे वाक्य नकाशाच्या जागी चालत नाही.

[दृश्य: सिंहगड रस्ता. एकतानगरीच्या गल्लीतून दिसणारं नदीपात्र.]

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे लोक उठले तेव्हा तळमजल्यात पाणी होतं. रात्रभर पाऊस आणि वरून खडकवासल्यातून मुठेत ३५,००० क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या घनफुटांच्या घरात विसर्ग. लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, लष्कराला बोलवावं लागलं. तिथे राहणारी माणसं नोकरदार, कर्ज काढून फ्लॅट घेतलेली. बँकेने कर्ज दिलं म्हणजे जागा सुरक्षित, असा एक समज आपल्याकडे आहे. बँक कर्जाचे कागद तपासते, तुमच्या तळमजल्यात पाणी येईल का याची काळजी तिची नव्हे.

आता उलट बाजू. न येणारं पाणी.

[दृश्य: उंड्रीचा रस्ता. एकामागे एक उभे टँकर, एका सोसायटीच्या फाटकातून आत जाणारा जाड पाइप.]

एजंट सांगतो, ‘सर, चोवीस तास पाणी.’ तो खोटं बोलत नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असली की कुठल्याही फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी असतं. विचारायचं ते हे, की टाकी भरतं कोण आणि त्याचे पैसे कोण देतं.

पुण्याची तहान मुख्यतः चार धरणं भागवतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही काठोकाठ भरली की साठा २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेतीही आहे. साठा तेवढाच राहिला, शहर मात्र फुगत गेलं. १९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत आली, त्यांत बाणेर, बालेवाडी होती. २०१७ मध्ये ११ आली, २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी, किरकटवाडी. पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईच्याही पुढे गेली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पुन्हा बाहेर काढली, तो गोंधळ वेगळाच. गाव हद्दीत येतं ते एका अधिसूचनेने. जलवाहिनी यायला त्यापुढे किती वर्षं लागतील, याला कसलाही नेम नाही.

बाणेर-बालेवाडीचंच घ्या. आज महागडा भाग, रुंद रस्ते, उत्तम हॉटेलं. हद्दीत येऊन वीस वर्षं झाली होती, तरी २०१७ मध्ये पाणीटंचाईवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ मनाई झाली. भाव कोथरूडच्या वर आणि पाणी टँकरचं, असं तिथे अनेक सोसायट्यांनी वर्षानुवर्षं काढलं.

टँकरवर राहायचं म्हणजे काय, त्याचा हिशेब कुणीही करू शकतो. माणशी रोज १३५ लिटर, हे शहरी पाणीपुरवठ्याचं रूढ प्रमाण. शंभर फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं. झाले ५४,००० लिटर. मोठा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर रोज पाच टँकर आणि वर थोडं. रोज, म्हणजे रविवार-दिवाळी धरून. तुमच्या भागातला आजचा टँकरचा भाव घ्या, रोजच्या पाच टँकरनी गुणा, मग तीसने गुणा, शंभराने भागा. जो आकडा येईल तो मेन्टेनन्समध्ये दर महिन्याला. गृहकर्जाचा हप्ता कधीतरी संपतो तरी.

आता एक कागद, ज्याच्याबद्दल घेणारे फारसं विचारत नाहीत. जिथे महापालिका पाणी देऊ शकत नाही, तिथे बांधकाम परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. मग ताबा दिला जातो, सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो आणि टँकरची बिलं सोसायटीच्या नावाने यायला लागतात. सभासदांतले बरेच जण असं काही हमीपत्र आहे हेच पहिल्यांदा वार्षिक सभेत ऐकतात. बुकिंग करण्याआधी त्याची प्रत मागा. बिल्डर देत नसेल तर महापालिकेत माहितीच्या अधिकारात मिळते.

आणि नळाला पाणी येतं एवढ्यावरही थांबून चालत नाही.

[दृश्य: नांदेड गाव. विहिरीचा रुंद काठ, भोवती जाळी, मागे बहुमजली इमारती.]

जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. जीबीएस हे नाव तेव्हा घराघरांत पोचलं. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. तपासात रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर आला. परिसरातल्या पाण्याचे अनेक नमुने दूषित निघाले. ही समाविष्ट गावं. शहराच्या मध्यभागी येणारं पाणी पर्वतीसारख्या शुद्धीकरण केंद्रातून गाळून येतं. या गावांना विहिरीतून, नुसतं क्लोरिन टाकून पाणी दिलं जात होतं. धरणाच्या इतक्या जवळ, खडकवासल्याच्या जवळजवळ कुशीत राहून ही परिस्थिती. तेव्हा पाणी कुठल्या केंद्रातून येतं, हाही प्रश्न तुमच्या यादीत घाला. क्षेत्रीय कार्यालयातला पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता याचं उत्तर देऊ शकतो.

पाणी कधी येतच नाही असंही नाही. शहराच्या पूर्वेला, खराडी, वडगाव शेरी, धानोरीकडे भामा आसखेड धरणातून पाणी आणायची योजना अनेक वर्षं रखडून का होईना, २०२१ च्या सुरुवातीला चालू झाली आणि तिथल्या लोकांना फरक जाणवला. पण त्या आशेवर आधी घर घेतलेल्यांनी मधली वर्षं काढली ती टँकरवरच. ‘होणार आहे’ आणि ‘झालं’ यांत पुण्यात फार अंतर असतं. शहराच्या आतल्या वर्तुळाकार मार्गाची आखणी १९८७ च्या आराखड्यात होती. पूर्ण तर राहोच, त्यावर अजून एकही गाडी धावलेली नाही. मेट्रो झाली, ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी धावू लागली, पुढे स्वारगेटपर्यंत गेली. तेव्हा रस्ता-मेट्रोच्या बाबतीत नियम सोपा: जे आज चालू आहे त्याचेच पैसे द्या.

जुन्या भागात घर घेतलं की पाण्याचा प्रश्न मिटला का? बऱ्याच अंशी हो. पेठा, कोथरूड, एरंडवणे, प्रभात रस्ता, इथे पाइप जुने पण पाणी कॉर्पोरेशनचं. मात्र इथे आता रिडेव्हलपमेंटची लाट आहे. बारा बिऱ्हाडांची तीन मजली सोसायटी पाडून तिथे दहा-अकरा मजले उभे राहतात, आणि गल्लीत अशा पाच-सहा इमारती होतात. खालची जलवाहिनी आणि ड्रेनेज मात्र बारा बिऱ्हाडांच्या काळातलं. तरीही दोन्हींत निवडायचं झालं तर आम्ही जुन्या भागातला लहान फ्लॅट निवडू, नव्या भागातला मोठा नाही. यावर वाद होऊ शकतो, पार्किंगवरून तर नक्कीच होईल.

कागदांबद्दल थोडक्यात. मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारी राज्याची यंत्रणा आहे, तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, मुदत दिसते. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरता येईल असा पालिकेचा दाखला बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, त्याच्याविना कायमची नळजोडणीही अडते. टेकडीच्या अंगावरची स्वस्त जागा असेल तर तिच्यावर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे का ते तपासा. असलं तर तिथे उभी असलेली इमारत कितीही देखणी असली तरी मागे फिरा.

[दृश्य: टेबलावर एका सोसायटीचा वार्षिक अहवाल. बोट खर्चाच्या बाजूवर फिरतंय.]

रीसेलचा फ्लॅट असेल तर मालकाकडे सोसायटीच्या मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागा. वार्षिक सभेला सगळ्यांना वाटतात तेच. खर्चाच्या बाजूला ‘पाणी टँकर’ अशी ओळ असेल. ती तीन वर्षांत कशी वाढत गेली ते बघा. देखभाल निधीतला किती भाग तिने खाल्ला तेही बघा. टँकरची ओळ नसेल तर बोअरची वीज आणि पंप दुरुस्तीची ओळ बघा. मालक ‘अहवाल सापडत नाही’ म्हणाला, तर सोसायटीच्या चेअरमनना भेटा. पुण्यात सोसायटीचे चेअरमन सोसायटीबद्दल बोलायला कधी नाही म्हणत नाहीत. पटकन आवरतं घेत नाहीत, एवढीच अडचण.

घाई नसेल तर सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच एरियात, जमलं तर त्याच सोसायटीत, आधी भाड्याने राहायचं. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. तो जूनमध्ये सुरू केलात तर एप्रिलअखेर संपेल आणि मे महिन्याची टंचाई तुमच्या हातून निसटेल. ऑगस्टमध्ये सुरू केलात तर जुलैचा पाऊस निसटेल. करार मार्चमध्ये करा.