काका, बॉल दाबून काय होते?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘लकव्यानंतरचे कार्याभिमुख प्रशिक्षण’. घाबरू नका, मलाही तो पाठ करावा लागला. अर्थ एवढाच, की हाताला जे काम यायला हवं, सराव त्याच कामाचा करायचा. झालं व्याख्यान! पण 40 मिनिटं मिळाली आहेत, तर आधी माझं जुनं दुखणं सांगतो. तो पिवळा चेंडू, हसऱ्या तोंडाचा.

किती जणांच्या घरी आहे? बघा, अर्धं सभागृह. दवाखान्यातून सुट्टी झाली की औषधांच्या पिशवीत तो असतोच. अहो, लकव्यानंतर बऱ्याच जणांची मूठ आपोआपच आवळते. घोडं अडतं ते बोटं उघडताना. मग आवळणाऱ्यालाच आणखी आवळायला का लावायचं?

इतवारीतले एक काका माझे पेशंट. उजवी बाजू गेलेली. केव्हाही जा, सोफ्यावर टीव्हीपुढे. “काका, काय करून राहिले?” “बॉल दाबून राहिलो ना जी!” चार महिने हेच. एकदा मी जरा लवकर पोचलो, तर काका गॅलरीत पाठमोरे. डाव्या हातात पन्नी धरलेली आणि उजवा तळवा, वाकडा, थरथरता, तिच्यावर फिरतोय. खर्रा घोटणं सुरू! तंबाखू, सुपारी, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो. (हेच पुण्यात सांगितलं, तर निम्मा वेळ खर्रा म्हणजे काय यातच गेला.) काकू मागून ओरडल्या. मी दारात उभा राहून मोजत होतो. 45 वेळा घोटून झाल्यावर त्यांनी मला पाहिलं.

आता खर्रा कसा लिहून देऊ? तंबाखूनं लकव्याचा धोका वाढतो. पन्नी जप्त केली आणि पुढ्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचं ताट ठेवलं. दोन्ही तळव्यांत चोळायचे, मग चिमटीनं एकेक दाणा उचलून वाटीत सोडायचा. सोडायला बोटं उघडावीच लागतात. काका आठवडाभर रुसले. पुढे त्या घरच्या उसळीत कूट त्यांच्याच दाण्यांचं पडू लागलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. जे सांगायला बोलावलं ते आता पळत पळत सांगतो.

1996 मध्ये न्यूडो या मेंदू-संशोधकांनी माकडांवर प्रयोग केला. मेंदूतल्या, हात चालवणाऱ्या भागाचा छोटा तुकडा निकामी झालेला. खळग्यातून खाऊ वेचायचा सराव मिळालेल्या माकडांमध्ये मेंदूतला शेजारचा, हात चालवणारा उरलेला भाग टिकला. सराव नसला की तोही आक्रसतो. दुसरं, मोजणी. 2009 च्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या आवर्तनांची सरासरी भरली 32. काका गॅलरीत 45 वर होते! तिसरं, 2006 ची ‘एक्साइट’ चाचणी, 222 पेशंट. चांगल्या हाताला दोन आठवडे मिट, म्हणजे बोटं अडवणारा हातमोजा, घालून दुखऱ्याकडून कामं करून घेतली, हात सुधारला. पण मनगट-बोटं थोडी तरी उघडणाऱ्यांचीच त्यात निवड होती. हात पूर्ण लुळा असेल तर हे घरी करू नका. काम पेशंटच्या आवडीचं निवडा, जमेल त्याहून जरासंच अवघड ठेवा, भांडी बदलत राहा.

बाकीचं चहावर बोलू. ज्यांचे पेशंट सोबत आलेत त्यांनी कप अर्धाच भरा, कोमट होऊ द्या. आणि काकू, तुम्ही धरू नका.